तुमच्यात आई कोण?

वहिनी येणार नाहीत, एवढं एक तरी नक्की होतं. त्यांनीच तसं सांगून टाकलं होतं, भांडी फडताळात लावता लावता, कोणाकडेही न बघता. तिसऱ्या वेळी त्या दवाखान्याची पायरी मी चढणार नाही, म्हणाल्या होत्या, आणि वहिनींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे लिफ्टचं दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा नवरी पर्स पोटाशी धरून सरळ बसली. मागोमाग मोठा आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत, भिंतीवरची चित्रं बघत. म्हणजे यानेच आणलं.

"दुकानात कोण आहे?" धाकट्याने विचारलं.

"बंद केलंय," वहिनी म्हणाल्या आणि बाकाच्या अगदी टोकाला बसल्या.

त्यांची लाँड्री कामाच्या दिवशी कधी बंद राहिली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा वहिनींनी अर्धं शटर वर ठेवून एका मुलाचा सूट त्याच्या हातात दिला होता, कारण त्याचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आज त्यांनी पूर्ण शटर ओढलं होतं. नवरीला त्याचा एकच अर्थ लागला. सासूबाई हे सगळं थांबवायला आल्या आहेत.

आणि थांबवायला आजचा दिवस बरोबर होता. पलीकडच्या लॅबमध्ये शेवटचा गर्भ सकाळीच फ्रीझरमधून बाहेर काढला होता. नवरीचं आणि धाकट्याचं बीज, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. सुरुवातीला असे तीन होते. पहिला रुजलाच नाही. दुसरा रुजला, सात आठवडे राहिला आणि गेला. हा तिसरा आज नणंदेच्या, म्हणजे ताईच्या पोटात गेला तर गेला, नाहीतर याला पुन्हा गोठवून ठेवण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वेळी बघू म्हणायला पुढची वेळ शिल्लक नव्हती.

नवरीचं ऑपरेशन होऊन पिशवी काढावी लागली त्या वर्षी, सगळे तोंडं पाडून बसले होते, तेव्हा ताईनेच विषय काढला होता. म्हणाली होती, गिऱ्हाइकाने आपली पिशवी आणली नाही तर आपण दुकानातली देतोच की. आधी कोणाला कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा नवरी उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून आतच राहिली.

या घरातली नाती बाहेरच्याला समजावून सांगायची म्हणजे डोक्याला ताप. वहिनी म्हणजे कोणाची वहिनी, तर आता कोणाचीच नाही. त्या ताईची, मोठ्याची आणि धाकट्याची सख्खी आई. पण त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात तीन दीर होते आणि तिघेही लाँड्रीत राबणारे. दिवसभर एकच धोशा. वहिनी, इस्त्री तापली का, वहिनी, तो गठ्ठा कुठाय, वहिनी, भूक लागली. पाळण्यातल्या ताईने तेच ऐकलं आणि बोलायला लागल्यावर पहिला शब्द काढला तो "वहिनी". सगळे पोट धरून हसले. पुढे दोन्ही भावांनी ताईचं ऐकून तेच उचललं. दीर आपापल्या वाटेने गेले, शब्द मात्र घरातच राहिला. गिऱ्हाइकंसुद्धा वहिनींची लाँड्री म्हणू लागली.

ताईचीही तीच गत. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती पोर कडेवर घेऊन परत आली, आणि घरभर चाललेलं "ताई, ताई" ऐकून पोरगाही तिला ताईच म्हणू लागला. तो आता वसतिगृहात राहून शिकतो आणि "ताई, जेवलीस का" म्हणून फोनवर चौकशी करतो. मोठ्याने लग्नच केलं नाही. मग धाकट्याचं झालं. नणंदेने भावाच्या बायकोला वहिनी म्हणायचं हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण तो शब्द या घरात आधीच लागलेला. हाक कोणाला आणि ओ कोणाची असा घोळ नको म्हणून सगळे तात्पुरतं "नवरी" म्हणाले. अकरा वर्षं झाली. कानामागे पांढरे केस आले, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिच्या हाताखाली माणसं आली, तरी घरी ती अजून नवरीच.

"ताई कुठाय?" वहिनींनी विचारलं.

ताई आतल्या खोलीत होती आणि तिची वेगळीच पंचाईत झाली होती. गर्भ आत सोडताना पोटावरून यंत्र फिरवून बघावं लागतं, आणि नीट दिसायला लघवी तुंबलेली असावी लागते. घरून निघताना पाणी पिऊ नका, इथे आल्यावर आम्ही सांगू तेव्हा प्या, असं सिस्टरने दोनदा बजावलं होतं. पण लाँड्रीवाल्यांची सवय. उद्याचे कपडे आजच तयार ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की दारातूनच गठ्ठा द्यायचा. ताई घरूनच तांब्याभर पाणी पिऊन निघाली, वाटेत धाकट्याने बाटली पाजली, आणि इथे आल्यावर कळलं की डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका बाईच्या ऑपरेशनमध्ये अडकल्या आहेत.

मोठा पाणीपुरवठ्यात नोकरीला. हे ऐकून तो एवढंच म्हणाला की टाकी भरल्यावर झडप कोणीतरी बघायला हवी होती. कोणी हसलं नाही.

"मला तिला भेटायचंय," वहिनी म्हणाल्या. "एकटीला."

धाकटा उभाच राहिला. आता नाही, म्हणाला. झाल्यावर भेट, संध्याकाळी भेट, पाहिजे तर रात्रभर तिच्या उशाशी बस. मग तो मोठ्यावर घसरला. दादा, तुला पहिल्यापासून हे नको होतं, तू सरळ तोंडावर कधी बोलला नाहीस, आणि आज नेमका हिला घेऊन आलास. मोठा म्हणाला की तिला यायचं होतं म्हणून आणलं, मी काय नको म्हणू. नको म्हणता आलं असतं, धाकटा म्हणाला. तू म्हणाला असतास का, मोठ्याने विचारलं. हे अगदी खरं होतं, वहिनींना कोणी नको म्हटल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं, आणि खरं होतं म्हणूनच धाकट्याचा आवाज आणखी चढला. पलीकडच्या बाकावरच्या जोडप्याने मान फिरवून घेतली.

मोठ्याला खरं तर हे नको होतं असं नव्हतं. त्याला त्या दिवसाची धास्ती बसली होती. दुसरा गर्भ गेला तेव्हा ताई दुकानात होती, टांगलेल्या कोटांच्या रांगेत, आणि कोट बाजूला करत करत तो तिच्यापर्यंत पोचला होता. तिला उचलून गाडीत ठेवताना ती त्याला म्हणाली होती, त्या पांढऱ्या कोटाला काही लागलं नाही ना रे, बघ. आज सकाळी तो गणवेश घ्यायला दुकानात गेला तर वहिनी मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी नुसत्या उभ्या होत्या. इस्त्री थंड होती. त्या म्हणाल्या, मला घेऊन चल. का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. मनातून त्यालाही वाटत होतं की कोणीतरी ताईला एकदा विचारावं, आणि ते विचारणं आपल्याच्याने व्हायचं नाही.

"जाऊ दे त्यांना आत," नवरी म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच दगा दिला. "अगं, तुला कळतंय का? ती नको म्हणाली तर संपलं. आजच. सगळं."

"कळतंय."

नवरी बोलली ते मनापासून. त्या दिवशी ताईला दवाखान्यात ठेवून ती दुकानात परतली होती तेव्हा वहिनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या. रक्त केव्हाच निघालं होतं, तरी पुसत होत्या. नवरीने हातातलं फडकं घ्यायला बघितलं तर त्यांनी दिलं नव्हतं. तेव्हापासून या गोष्टीबद्दल त्या दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पोटची मुलगी पणाला लागलेल्या बाईला तिच्या मुलीशी बोलू द्यायचं नाही, हे नवरीला जमणार नव्हतं, मग मूल होवो न होवो.

"मी सिस्टरना सांगते," ती म्हणाली आणि उठली.

खोली छोटी होती. एक खाट, एक पडदा, भिंतीवर हात धुण्याच्या सूचना. ताई मागे बंद बांधलेल्या झग्यात खाटेच्या कडेवर पाय जुळवून बसली होती, चेहरा तांबडा झालेला. मनगटावर कागदी पट्टी होती.

"बघ, मला खूण लावली," आई दिसताच ती म्हणाली. "कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आपण लावतो तशी." मग तिच्या लक्षात आलं. "तू इकडे कशी? दुकान?"

"बंद केलंय."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. पोरीचे केस टोपीत नीट गेले नव्हते, ते त्यांनी आत सारले. काही बोलायला सुरुवात करायची म्हणून त्यांनी विचारलं की कुल्ल्यावरच्या गाठी कशा आहेत. रोज संध्याकाळी दुकान उरकलं की मागच्या खोलीत नवरी तिला तेलकट औषधाचं इंजेक्शन द्यायची, आणि मग गाठ बसू नये म्हणून इस्त्रीखाली तापवलेला टॉवेल वरून दाबून धरायची. दात घडवणारा हात, त्यामुळे सुई कळतही नसे. बऱ्या आहेत, ताई म्हणाली. टॉवेलचा गुण.

"तू माझ्याशी भांडायला आलीस का?" तिने विचारलं. "भांडायचं तर पटकन भांड. मला फार धरवणार नाही."

"भांडायला नाही आले. एक विचारायचंय." वहिनींनी हात मांडीवर ठेवले. "नऊ महिने वागवशील, कळा सोसशील, आणि ते पोर तुला आत्या म्हणेल. चालेल तुला?"

ताईला हसू आलं. हाच तो प्रश्न, ज्यासाठी शटर ओढलं? "वहिनी, माझा स्वतःचा पोरगा मला ताई म्हणतो. मला काही कमी पडलं का?"

"तुला नसेल पडलं."

"मग?"

"मला पडलं," वहिनी म्हणाल्या.

असं काही वहिनी बोलतील हे ताईला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "वहिनी" म्हणायला सुरुवात कोणी केली, याची गोष्ट घरात इतक्या वेळा हसत हसत सांगितली जायची, आणि दर वेळी वहिनीही हसायच्या.

"तू तर हसायचीस," ती म्हणाली.

"सगळे हसत होते. तुझे काका, तुझे बाबा. म्हणाले, राहू दे, गोड वाटतं. मला वाटलं, मोठी झालीस की सुटेल. मग मोठा झाला, तोही तेच म्हणाला. धाकट्याच्या वेळी मी त्याला एकटं घेऊन बसायचे आणि शिकवायचे, म्हण, आ, ई. तो म्हणायचा. म्हणून झालं की विचारायचा, वहिनी, आता खेळायला जाऊ?"

वहिनींचा आवाज मात्र तसाच होता, गिऱ्हाइकाला डाग निघणार नाही हे सांगतानाचा.

"तुम्ही पडलात, भाजलात की म्हणायचात, आई गं. सगळी पोरं म्हणतात. तेवढंच. मी आत असले तरी मला ऐकू यायचं. मी आतूनच हळू ओ देऊन घ्यायचे. कोणाला ऐकू जायची नाही अशी."

"सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? हाक मागून घेतात का?"

ताईने तिचा हात धरला. त्या हाताला वर्षानुवर्षांच्या साबणाने आलेला खरखरीतपणा होता. "आता म्हणू?"

"आता नको बाई," वहिनी घाईने म्हणाल्या. "आता कसंतरीच वाटेल. मीच मागे वळून बघेन, कोणाला म्हणतेय म्हणून."

मग ताईने डोळे झग्याच्या बाहीला पुसले आणि म्हणाली, "हे बघ. तू म्हणालीस तर मी आत्ता उठते, त्या दारामागच्या संडासात जाऊन मोकळी होते, आणि आपण घरी जाऊ. कोणाला तुझं नाव सांगणार नाही. माझाच धीर सुटला म्हणेन. बोल."

वहिनींनी दाराकडे पाहिलं. मनातून त्यांना तेच हवं होतं. पोरीला उठवावं, कपडे घालावेत, घरी न्यावं, पुन्हा कधी तिला त्या कोटांच्या रांगेत तसं बसलेलं बघायला लागू नये. चार पावलांचं काम होतं.

"तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. "धाकट्याचं सोड. नवरीचं सोड. तुला."

ताईने मनगटावरची पट्टी फिरवली. मग म्हणाली, "मागच्या वेळी ते गेलं ना, तेव्हा धाकटा आला आणि आधी डॉक्टरला बाळाचं विचारलं. त्याचं काही चुकलं नाही, बाप आहे. नवरी आली आणि माझ्यापाशी बसली. संध्याकाळपर्यंत बसली. माझे पाय पुसले. पुढे घरी आले, महिनाभर पडून होते, एकदासुद्धा तिने बाळाचं नाव काढलं नाही. ताई, दुखतंय का. ताई, झोप लागली का. एवढंच. तिचं मूल गेलं होतं, वहिनी, माझं नव्हे. तेव्हा मी ठरवलं, हिला मूल झालं पाहिजे आणि ते माझ्या हातून झालं पाहिजे. कोणी सांगितलं म्हणून नाही. मलाच हवंय. आणि आत्या म्हणेल तर म्हणू दे. आत्याचा मान काय कमी असतो? नुसतं लाड करायचे आणि रडायला लागलं की परत द्यायचं."

"परत देता येईल?"

"लाँड्रीवाल्याची पोर आहे मी. लोकांचं जिवापाड सांभाळायचं आणि घडी न मोडता परत करायचं, दुसरं काय शिकवलंत?"

वहिनी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. कपडा उजेडात धरून बघतात तसं. त्यांना तिथे भीती दिसली, ती असणारच होती. लबाडी दिसली नाही, उपकाराचा आवही दिसला नाही. मुलगी खरं बोलत होती. वहिनींना वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं, आणि दोन्ही एकदम का वाटावं हे त्यांना कळलं नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठ्या घालून, "पण ते पोर तिला काय म्हणणार?"

"कोणाला?"

"नवरीला. पोर जे ऐकतं तेच म्हणतं. घरात सगळे म्हणतात नवरी. दुकानात नवरी. तुझा मुलगा फोनवरसुद्धा नवरी कुठाय म्हणून विचारतो. उद्या हेही पाळण्यातून उठून म्हणेल, ए नवरी, दूध दे."

ताईला ते डोळ्यांपुढे दिसलं आणि तिला हसू फुटलं. ती दोन्ही हातांनी खाट धरून वाकली. "हसवू नकोस गं, सांडेल. खरंच सांडेल."

मग वहिनींनाही आवरेना. पडदा सरकवून सिस्टर आत आली तेव्हा एक म्हातारी तोंडाला पदर लावून हलत होती आणि पेशंट पाय आवळून "बास, बास" म्हणत होती. सिस्टरने सांगितलं की डॉक्टर आल्या, आता आत जायचं. तिने ताईला नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, तुमच्या मर्जीने आहे ना, कोणाचा दबाव नाही ना.

"दबाव आहे," ताई म्हणाली. "पण तो आतून आहे. लवकर चला."

वहिनी बाहेर आल्या तेव्हा तिघंही उठून उभी राहिली. वहिनींचे डोळे लाल होते, ते तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही एकच अर्थ लावला. धाकट्याने तोंड फिरवलं. नवरीने विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे अजून घडलं नाही, असं तिने स्वतःशी धरून ठेवलं आणि ती पुन्हा बसली. वहिनी तिच्याच शेजारी येऊन बसल्या, बाकाचं टोक सोडून. हे काय चाललंय ते मोठ्याला समजेना. एवढ्यात सिस्टरने दार उघडलं.

"आईंना आत बोलावलंय," ती म्हणाली.

कोणी उठलं नाही. पलीकडचं जोडपं यांच्याकडे बघू लागलं आणि ही चौघं त्या जोडप्याकडे. सिस्टरने परत सांगितलं की गर्भ आत सोडताना आईला आत थांबता येतं, एकालाच, आणि लगेच यायला हवं. तरी धाकटा बघत राहिला, मोठा बघत राहिला. ज्या घरात आई म्हणून कोणी हाकच मारत नाही, तिथल्या माणसांना ती हाक आपल्यासाठी असेल हे सुचायचं कसं? नवरी तर मान खाली घालून पर्सचा बंद पिळत होती.

"अहो, तुमच्यात आई कोण?" सिस्टर वैतागली. "तिकडे डॉक्टर थांबल्यात."

वहिनींनी नवरीच्या पाठीवर हात ठेवला.

"आई," त्या म्हणाल्या. "ऊठ. तुला बोलावतायत."

नवरीने मान वर केली आणि मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून. मागे भिंत होती. ती परत वहिनींकडे वळली.

"ताई... ताई हो म्हणाल्या?"

"ती केव्हाची तयार आहे. तिला धरवत नाहीये, तू रडत बसू नकोस. आणि तुम्ही दोघं ऐका," वहिनी मुलांकडे वळून म्हणाल्या. "आजपासून हिला नवरी म्हणायचं नाही. आई म्हणायचं. मीही म्हणणार. पोराच्या कानावर दुसरं काही पडता कामा नये."

"मीसुद्धा?" धाकट्याने विचारलं, कारण वेळ कोणती आणि काय विचारावं हे त्याला लहानपणापासून कळत नसे.

"तू तिला नावाने हाक मार. नाव आहे तिला."

नवरीने वाकून वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं, एक क्षणभर, आणि पळत आत गेली.

आत दिवे मंद होते. तिलाही झगा आणि टोपी घालायला लावली. ताईच्या डोक्याशी एक स्टूल होतं, त्यावर ती बसली. ताईने विचारलं, एवढा वेळ का लावलास, तर ती म्हणाली, आम्हाला कळलंच नाही कोणाला बोलावतायत. ताईला परत हसू आलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलू नका. लॅबच्या खिडकीतून एका मुलीने बारीक नळी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. पट्टीवरची खूण आणि नळीवरची खूण दोघींनी मोठ्याने वाचून जुळवली. ते ऐकून ताईला एकदम निर्धास्त वाटलं. खूण नीट बघणारी माणसं आहेत, ती मनात म्हणाली.

पडद्यावर करडं करडं हलत होतं. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं, इथे बघा, आणि त्या करड्यात एक पांढरा ठिपका नळीच्या टोकातून सुटला आणि जागेवर थांबला. त्यांनी हेही सांगितलं की तो ठिपका म्हणजे खरं तर त्याच्याबरोबर गेलेला हवेचा बुडबुडा, आतला जीव एवढा लहान की दिसत नाही. नवरीला त्याने काही फरक पडला नाही. ती त्या बुडबुड्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ताईच्या कपाळावर गळत होतं. रुजेल की नाही हे दोन आठवड्यांनी कळणार होतं. आज तो जागेवर पोचला होता.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखलं नाही ना?"

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "बाहेर ऐकू जातं का हो इथलं?"

"ओरडलात तर जाईल. का?"

"ओरडायचंय," ताई म्हणाली आणि तिने छातीत श्वास भरून घेतला.

बाहेर बाकावर मोठा आणि धाकटा लहानपणीसारखे एकमेकांना चिकटून बसले होते. भांडण मिटल्याचं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मोठ्याने खिशातून गोळ्यांची पुडी काढली, एक धाकट्याला दिली, एक वहिनींपुढे धरली. वहिनी नको म्हणणार, एवढ्यात दारापलीकडून ताईचा आवाज आला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"आई गं!"

धाकटा ताडकन उठला. मोठ्याच्या हातातल्या गोळ्या फरशीवर सांडल्या आणि तो दाराकडे धावणार तोच वहिनींनी हात आडवा घातला.

"बसा दोघं," त्या म्हणाल्या. "तिला काही झालेलं नाही. मला हाक मारतेय."

आणि बंद दाराकडे तोंड करून, सगळ्यांदेखत, मोठ्याने, त्यांनी ओ दिली.